कुलपाबाहेरची मांजरी

कोकणातल्या जुन्या घराला दारं पुष्कळ, पण दिवसा ती लावायची सवय कुणालाच नव्हती. ओटीवरून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात आणि तिथून मागच्या पडवीत वारा सरळ निघून जायचा. त्याच वाटेनं कोंबड्या जायच्या, शेजारची पोरं जायची, ताक मागायला आलेली बाई जायची. आलं-गेलं कुणी विचारायचं नाही. कौलं आणि जांभ्याची भिंत यांच्यामध्ये तर फट राखलेलीच असायची, चुलीचा धूर निघून जावा म्हणून. धुराची बाहेर जायची वाट तीच मांजराची आत यायची वाट. रात्री माळ्यावरून धप्प करून काही पडलं, की झोपेतच कुणीतरी ‘मांजर’ म्हणायचं आणि कूस बदलायचं.

आता संगमेश्वरातून कसब्याकडे जाताना जी घरं दिसतात त्यांतल्या बऱ्याच घरांवर स्लॅब आहे, खिडक्यांना सरकत्या काचा आहेत, जाळ्या आहेत. आमचंही मागच्या अंगाचं स्वयंपाकघर नवं झालं, ग्रॅनाइटचा ओटा आला, चूल गेली. आणि मग ‘मांजर घरात शिरतं’ ही तक्रार सुरू झाली. शिरत ते पूर्वीही होतं. तक्रार नवी.

आमच्याकडे शिरते ती कबरी. पांढऱ्यावर काळे आणि तांबूस ठिपके. तीन रंगांचं मांजर बहुतेक मादीच असतं, कारण काळा आणि तांबडा हे दोन्ही रंग एका अंगावर उमटायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात. आमच्या सासूबाईंना गुणसूत्रांशी काही देणंघेणं नाही, पण कबरं मांजर म्हणजे भाटी, हे त्या दुरून बघूनच सांगतात.

तिची येण्याची पद्धत मी पुष्कळदा न हलता पाहिली आहे. न्हाणीच्या खिडकीची एक काचपट्टी कधीची निखळलेली आहे. चार बोटांची फट. त्या फटीत आधी मिशा दिसतात. मिशांनी ती रुंदी मापते. मांजराच्या गळ्याखालची हाडं आपल्यासारखी खांद्याला जखडलेली नसतात, स्नायूंत मोकळी असतात. त्यामुळे डोकं आत गेलं की उरलेलं मांजर तेलासारखं मागोमाग ओतत येतं. खाली उतरली की कपडे धुवायच्या दगडावर बसते आणि उगाच पंजा चाटते. चाटण्याचं नुसतं निमित्त. कान घराकडे फिरलेले असतात. कोण देवापाशी, कोण पुढच्या खोलीत, टीव्ही लागलाय की नाही, याचा अंदाज झाला की मग स्वयंपाकघर. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण ती पंज्यानं जरासं सरकवते. झाकण वाजतं. ती थांबते. घर पुन्हा आपापल्या कामाला लागेपर्यंत तशीच थांबते, आणि मग आणखी जरासं. मांजर डोळे मिटून दूध पितं असं आपण म्हणतो. कबरी दोन्ही डोळे उघडे ठेवून, दाराकडे पाहत पिते.

तिला हाकलायचे उपाय मला वाडीतल्या प्रत्येकानं सांगितले. लिंबाची साल खिडकीत ठेवा. मांजराला तो वास खरंच आवडत नाही. पण कोकणातल्या पावसात साल दुसऱ्या दिवशी बुरसते आणि वास आपल्यालाच येतो. पाणी उडवा. ते एकदा लागू पडतं, नंतर ती हात तांब्याकडे गेलेला बघूनच निघून जाते आणि तांब्या खाली ठेवला की परत येते. काठी आपटा म्हणाले, तर सासूबाईंनी काठी काढून घेतली. ‘गो, सटवीचं वाहन हाय तं. लेकुरवाळ्या घरात मांजरावर काठी उगारू नये.’ सटवी म्हणजे सहाव्या दिवशी बाळाच्या कपाळावर लिहून जाणारी, आणि षष्ठीदेवीचं वाहन मांजर हे खरंच. आमच्या घरात आता लेकुरवाळं कुणी नाही, पण हे बोलून दाखवायची माझी छाती नव्हती.

उपाय सांगणाऱ्यांपैकी एकालाही एक गोष्ट सुचली नाही. मासेवाला मोटरसायकलचा भोंगा वाजवत येतो, मी मांदेली किंवा बांगडे घेते, मागच्या दारी विळीवर साफ करते, आणि खवले, गलफडं, आतडी जवळच्याच माडाच्या आळ्यात टाकून वर पाणी ओतते. माडाला खत होतं, हे सासरी आल्यापासून ऐकत आले. ते खत सबंध आगराला निमंत्रण धाडत असतं. मांजराच्या जिभेला गोडाची चवच कळत नाही. ती चव ओळखणाऱ्या जनुकांपैकी एक मांजराच्या कुळात मोडकं आहे, असं 2005 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. कबरी गणपतीतल्या मोदकाकडे ढुंकून बघत नाही, वरचं तूप तेवढं चाटते. मांदेलीचा वास मात्र तिला दोन कुंपणं ओलांडून आणतो. मी ते टाकणं लांब, आगराच्या टोकाला, खड्डा करून मातीआड सुरू केलं. फेऱ्या कमी झाल्या. बंद नाही झाल्या.

बंद होणार नव्हत्याच, कारण कबरी नुसती माशासाठी येत नव्हती. ती वरच्या घरातली.

वरच्या घरातली म्हणजे आमच्या पाखाडीनं वर गेलं की जे कौलारू घर लागतं तिथली. तिथल्या वहिनी मुलाकडे नालासोपाऱ्याला गेल्या. सून नोकरीवर जाते, नातवाला कोण बघणार. जाताना त्यांनी तांदूळ नेले, आमसुलं नेली, सोडे नेले, फणसपोळी नेली. दाराला कुलूप लावलं आणि पावसात गंजू नये म्हणून कुलपाभोवती प्लास्टिकची पिशवी सुतळीनं बांधली. वाऱ्याची बाजू झापांनी झाकली. सगळं रीतसर. कबरी त्या वेळी ओटीच्या कठड्यावर बसली होती म्हणे. तिचं काय करायचं हा प्रश्न कुणाच्या मनातच आला नाही. यात वहिनींचा कोरडेपणा नाही. कोकणात कुत्रं माणसाचं असतं, मांजर घराचं असतं. माणसं येतात-जातात, घर आहे तिथंच राहतं, मग मांजरही तिथंच राहणार. आजवर हे खरंच होतं.

आजवर ते खरं का होतं, याचा विचार करताना मला आमच्या तालुक्याचा सगळा हिशेब आठवतो. संगमेश्वर तालुक्यातला गडी मुंबईला जायचा तो एकटा. गिरणीत लागायचा, खानावळीत जेवायचा, गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचा. बायको, आईबाप, गुरं, शेती आणि मांजर गावाला. महिन्याची मनीऑर्डर यायची, पोस्टमनला ओटीवर बसवून चहा व्हायचा. घरातला कर्ता नसायचा, पण घर उघडं असायचं, चूल पेटलेली असायची. त्या रिवाजाची खूण जनगणनेत अजून दिसते: 2011 साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि पुष्कळ गिरणी कामगारांच्या वाट्याला ती गिरणी पुन्हा आलीच नाही. काही गावी परतले. बाकीच्यांची पुढची पिढी नालासोपारा, विरार, दिवा अशी मुंबईच्या कडेकडेनं वसली, आणि तिथं खोलीला स्वतःचं दार मिळाल्यावर बायकामुलांनाही घेऊन गेली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा आम्हाला वाटलं, आता माणसं वरचेवर येतील. आली, पण त्याच गाडीनं म्हातारीकोतारीही गेली. 2001 ते 2011 या दहा वर्षांत साऱ्या राज्याची लोकसंख्या वाढली, आणि रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर आली.

या आकड्यांत मांजरं धरलेली नाहीत. ती मागेच राहिली.

आमच्या वाडीत आता उघड्या घरांपेक्षा कुलपं जास्त आहेत. गणपतीत आणि शिमग्यात ती उघडतात. पालखी यायची म्हणून अंगणं सारवली जातात, मुंबईची पोरं मोबाइलवर पालखी नाचतानाचे व्हिडिओ काढतात, कोंबड्यांचे रस्से शिजतात. त्या दिवसांत कबरीला बघावं. पोट तुडुंब, अंगावर तकाकी, कुणाच्याही मांडीवर. मग गाड्या भरतात, कुलपांना पिशव्या बांधल्या जातात, आणि चारेक दिवसांत मांजरं पुन्हा उघड्या घरांच्या खिडक्यांची मापं घ्यायला लागतात. त्यांना भटकी म्हणतात. भटकायला गेलं कोण, हे मी वहिनींना फोनवर विचारलं नाही. विचारून काय उपयोग? नातू त्यांच्याच मांडीवर झोपतो आणि तेही खरंच आहे.

मांजर माणसाच्या घरात पहिल्यांदा आलं ते धान्यामागून आलेल्या उंदरांमागून. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कणग्या भरल्या, उंदीर आले, आणि तिथलंच रानमांजर वस्तीच्या कडेला घुटमळायला लागलं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. त्या बेटावर रानमांजर मुळात नव्हतं, म्हणजे कुणीतरी ते होडीतून आणलं होतं. मला हे वाचल्यापासून आमची शास्त्री नदी वेगळी दिसते. एके काळी जयगडच्या खाडीतून गलबतं थेट संगमेश्वरापर्यंत येत. घाटावरून उतरलेला माल इथं नावेत चढे, म्हणजे गोदामं आली, पोती आली आणि उंदरांची चंगळ आली. बंदर गाळानं भरलं, गलबतं गेली. उंदीर मात्र कुठं गेले नाहीत.

ते पावसाळ्यात कळतं. शास्त्री आणि सोनवीला एकदम पूर आला की बाजारपेठेत पाणी शिरतं, दुकानदार रात्रभर माल वरच्या फळ्यांवर चढवत बसतात, आणि बिळांत पाणी भरलं की उंदीर चढावरच्या घरांकडे निघतात. पुढं लेप्टोची भीती. उंदराच्या मुतानं पाणी नासतं, शेतात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या पायाला नुसती चीर असली तरी पुरते. आरोग्यसेविका घरोघर गोळ्या घेऊन येतात. आमच्याकडे माळ्यावर अजून भात साठवतो, थोडाच, सासूबाईंच्या हट्टासाठी. गेल्या पावसात माळ्यावर कुरतुडायचा आवाज नव्हता. एका सकाळी मागच्या पायरीवर उंदराचं शेपूट आणि काळसर पित्ताची पिशवी एवढंच नीट मांडून ठेवलेलं होतं. मी ते फावड्यावर घेऊन टाकलं. सासूबाई म्हणाल्या, ‘भाडं दिलंन तिनं.’

तरीही एकदा मीच कंटाळले. शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं तसं, फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं आणि कबरीनं आतली पापलेटं काढली. पाहुणे जेवायला येणार होते. रागाच्या भरात मी शेजारच्यांना म्हणाले की काय करायचं ते करा. त्यांचा उपाय तयारच असतो: पोत्यात घालायचं आणि पुलापलीकडे नेऊन सोडायचं. वाडीत अशी कितीतरी मांजरं पुलापलीकडे गेली आहेत. पलीकडच्यांनीही त्यांची अलीकडे आणून सोडलेली असणार, हे कुणी बोलत नाही.

पोतं आलं, पण काम झालं नाही. सासूबाई ओटीवर आडव्या बसल्या. मांजराचं काही बरंवाईट झालं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, हे त्यांनी पोतं घेऊन आलेल्या पोराला ऐकवलं, आणि सोन्याचा आजचा भाव काय रे, असंही विचारलं. पोरगा हसत परत गेला. कायदाही सासूबाईंच्याच बाजूचा आहे. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि उपाय म्हणून तो फारसा चालतही नाही. 1922 साली फ्रान्सिस हेरिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं एक पिल्लंवाली मांजरी झाकून काही मैल लांब नेऊन सोडली, पुन्हा पुन्हा सोडली, आणि ती पुन्हा पुन्हा पिल्लांकडे परत आली. पूल तर महामार्गावर. तिथं वर्षानुवर्षं चौपदरीकरण चाललंय, रात्री डंपर धावतात. परतायला निघालेलं मांजर त्या रस्त्यानं येणार.

त्यात कबरी गाभण आहे, हे त्याच दिवशी सासूबाईंच्या लक्षात आलं. माझ्या नाही. मला वाटलं पापलेटं चढली.

मांजराचे नऊ आठवडे कधी सरतात कळत नाही. ती एक दिवस दिसली नाही, दुसऱ्या दिवशी आली ती सपाट पोटानं, घाईत, दूध पिऊन लगेच वर पाखाडीनं निघाली. मी मागोमाग गेले. वरच्या घराच्या कौलांवर वानरांनी धुडगूस घातलेला, एका कोपऱ्यातली कौलं सरकलेली; तिथून ती आत गेली. आतून बारीक चिवचिव. कुलपाच्या आत, वहिनींच्या माळ्यावर, जुन्या गोधड्यांच्या गाठोड्यात तिनं घर मांडलं होतं.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. यात बोक्याची भीती खरी आहे, परका बोका पिल्लं मारतो; एका जागी वास साठला की माग लागतो, म्हणून ती जागा बदलते. मानेला धरून, एकेक. पिल्लू त्या वेळी हातपाय गोळा करून अगदी गप्प लोंबतं. श्रीवैष्णवांच्या एका पंथानं भक्तीचं गूढ या लोंबण्यावरून सांगितलं: माकडाच्या पिल्लानं आईला धरायचं असतं, मांजराच्या पिल्लाला आई धरते, तशी शरणागती. मी पाखाडीवर उभी राहून कबरीच्या फेऱ्या बघत होते तेव्हा मला भक्तीपेक्षा साधा हिशेब दिसत होता. वरच्या घरातून शेजारच्या बंद घरात, तिथून त्याच्या पलीकडच्या बंद गोठ्यात, तिथून मोडक्या मांगरात. आमच्या वाडीत उघडी घरं सात भरतच नाहीत. शेवटी ती पिल्लं आमच्या लाकडांच्या खोपीत आली. चारांतली तीन आणली. चौथ्याचं काय झालं ते तिलाच ठाऊक.

दूध पाजू नका, असं एका पशुवैद्य बाईंनी फोनवर सांगितलं. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना गाईचं दूध पचत नाही, पोट बिघडतं. भात-मासळी कालवून घाला, पाणी ठेवा. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. पिल्लं दोन महिन्यांची होऊन खाऊ लागली की मांजरीची नसबंदी करून घ्या, सोबत रेबीजची लस द्या, म्हणजे तुम्हालाही धास्ती नाही. मांजर वर्षाला दोन-तीनदा वितं. आज तीन आहेत, शिमग्यापर्यंत तुम्हीच फोन कराल, म्हणाल्या. गावाकडचा जनावरांचा दवाखाना म्हणजे गाई-म्हशींचा, बैलाच्या पायाचा. तिथं करंडीत मांजर घेऊन रांगेत बसलेली बाई बघून लोक हसतात, हे मी आता स्वानुभवानं सांगू शकते. एका आजोबांनी विचारलं, ‘दूध किती देते?’ मी म्हटलं, ‘पिते.’

शस्त्रक्रिया शहरात झाली. दोन पिल्लं बाजारातल्या दुकानदारांनी मागून नेली, एक किराणावाल्यानं, एक भुसारवाल्यानं. पोत्यांच्या दुकानात मांजराला अजून मागणी आहे. तिसरं आमच्याकडेच आहे, कबरीच्या मागून न्हाणीच्या फटीतून शिरायला शिकतंय. काचपट्टी बसवून घेण्याचा विषय ह्यांनी दोनदा काढला. सुतार मिळत नाही, असं मी सांगते. सुतार खरंच मिळत नाही, मुंबईला गेलाय.

कौलं सरकल्याचं कळवायला म्हणून मी वहिनींना फोन केला होता. पावसाआधी शिवली नाहीत तर वासे कुजतील, किल्ली कुणाबरोबर तरी पाठवा, मी माणसं लावते. वहिनी कौलांबद्दल ऐकून ‘हो हो’ म्हणाल्या. कबरी माळ्यावर व्यायली हे ऐकल्यावर एकदम गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, ‘माझ्याच गोधड्यांत काय? सासूच्या हातच्या त्या. असू दे. उठवू नकोस तिला.’ किल्ली दिवा पॅसेंजरनं आली, गाववाल्या पोराच्या खिशातून. आता मी आठवड्यातून एकदा वरचं घर उघडते, केर काढते, चुलीत चार लाकडं पेटवते. धूर लागला की वाशांना कीड धरत नाही. कबरी तेवढा वेळ आपल्या जुन्या जागी, वैलाशेजारी बसते, आणि मी कुलूप लावायला लागले की माझ्याआधी बाहेर येऊन पाखाडी उतरते.

परवा वहिनींचा पुन्हा फोन. नातवानं त्यांना पैसे पाठवायला शिकवलंय. म्हणाल्या, ‘दोनशे रुपये टाकलेत गो तुझ्या फोनवर. बघ आले काय. तिला नि पिल्लाला मासळी घे. दर महिन्याला टाकीन.’ नको नको म्हणून झालं, ऐकेनात.

सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ‘बरं झालं,’ म्हणाल्या, ‘वाडीत मनीआर्डर परत सुरू झाली म्हनायची.’ मग जरा थांबून विचारलं, ‘पोस्टमनाला चा नाय ना द्यावा लागत आता?’

मासेवाल्याला मी पाव किलो मांदेली वाढवून सांगितली आहे.